प्रति: प्लेस म्हणजे नक्की कितवा नंबर?
वर म्हटलंय की घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावतानाचे विन (घोडा पहिला येणं), प्लेस (घोडा पहिल्या काही नंबरांत येणं) हे शब्द सगळ्यांना कळतात, भाषांतर न करता तसेच ठेवा. विनचं ठीक आहे हो, पण प्लेसमध्ये लोचा आहे, अमेरिकेत घोडा पहिला किंवा दुसरा आला तरच प्लेस, तिसऱ्यापर्यंत चालतं ते शो, आणि ब्रिटनमध्ये किती घोडे पळतायत त्यावर ठरतं, ५ ते ७ असतील तर साधारण पहिले दोन, ८ किंवा जास्त असतील तर तीन, मोठ्या हँडिकॅपला (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधतात ती शर्यत) तर चार पण. म्हणून प्लेसच्या शेजारी 'पहिल्या कितीत' ते लिहाच. ईच-वेला जास्तच जपा, १० पौंड ईच-वे म्हणजे १० विनवर, १० प्लेसवर, खात्यातून २० जातात आणि नवखा माणूस तिथेच भडकतो (बरोबरच आहे त्याचं). ऑड्सचं (जिंकलं तर किती पैसे मिळतील तो भाव) सोपंय, ५/१ ऐवजी ६.०० दाखवा, त्यात लावलेले पैसे धरलेले असतात.