सॅन फ्रान्सिस्को : सगळं सामान भाड्याच्या गाडीत ठेवून दिवसभर फिरता येईल का?

सह्यवारा
ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन कॅलिफोर्नियाला जातोय. शेवटच्या दिवशी सकाळी सातला योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून निघू, म्हणजे अकराच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को. परतीचं विमान तिथूनच रात्री दहाला. मधल्या वेळात गोल्डन गेट, लोम्बार्ड स्ट्रीट आणि पिअर ३९ बघायचंय. त्या दिवशी हॉटेल घेतलेलं नाही. चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा, एक लॅपटॉप. गाडी एसयूव्ही आहे, मागे ओढून घ्यायचं कव्हर असतं म्हणे. तिथे काचा फोडून गाडीतलं सामान चोरतात असं वाचलंय. कव्हर लावलं तर पुरेल का? काच फुटलीच तर विमा कशाचे पैसे देतो? आणि पासपोर्ट कुठे ठेवायचे?

खाडीकाठ
कव्हर पुरणार नाही. उलट ओढलेलं कव्हर म्हणजे खाली काहीतरी आहे ही जाहिरातच. तिथले कित्येक रहिवासी मागची सीट पाडून, डिकी रिकामी दिसेल अशी गाडी लावतात, ते याचसाठी.

चोरीची रीत ठरलेली आहे. मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच फोडायची, आत हात घालून सीटची पाठ पाडायची आणि डिकीत नजर टाकायची. बॅग दिसली तर घ्यायची, नाहीतर पुढची गाडी. मिनिटभराचंही काम नाही. दार उघडलं जात नाही, त्यामुळे पुष्कळ गाड्यांचा अलार्म वाजतही नाही. भाड्याची गाडी ओळखायला काचेवरचा बारकोडचा स्टिकर पुरतो. २०२४ पासून शहरात असे प्रकार बरेच कमी झालेत, पण तुम्ही लिहिलेली तिन्ही ठिकाणं पूर्वीपासून याच कारणासाठी बदनाम आहेत. अलामो स्क्वेअर, ट्विन पीक्स आणि पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सही त्याच यादीतले.

तुमचं विमान तिथूनच आहे, तेव्हा दिवसाचा क्रम उलटा करा. योसेमिटीहून थेट विमानतळ गाठा. सॅन मटेओ पुलावरून आलात तर शहरात शिरावंच लागत नाही. (पुलावर रोख टोल घेत नाहीत. गाडी घेतानाच टोलचे पैसे कसे कापतात आणि त्यावर रोजचं शुल्क किती लावतात ते विचारून ठेवा.) आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या निर्गमन मजल्यावर पैसे देऊन सामान ठेवता येतं. तिथे आधी आईबाबांना आणि बॅगांना उतरवा, मग गाडी परत करून या. गाड्यांचं केंद्र टर्मिनलपासून लांब आहे, पण तिथून टर्मिनलला आणणारी विमानतळाची एअरट्रेन फुकट आहे. सामान ठेवण्याची जागा चोवीस तास उघडी असेल असं धरून चालू नका, बंद व्हायची वेळ आधी विचारा. विमानकंपनीच्या काउंटरवर सकाळीच बॅगा देऊन मोकळं होता येत नाही, तो साधारण तीन-चार तास आधी उघडतो.

तिथून बार्ट (लोकल रेल्वे) पकडली की अर्ध्या तासात एम्बार्केडेरो. वर आलात की एफ मार्गाची जुनी ट्राम पिअर ३९ ला नेते. गोल्डन गेट पुलाच्या दक्षिण टोकाला मुनीची (शहर वाहतूक सेवेची) २८ नंबरची बस थांबते. पार्किंगचा खर्च आणि शोधाशोध वाचते ती वेगळीच.

चाकोरीबाहेर
एवढं टोक गाठायची गरज नाही. एसयूव्हीऐवजी सेडान घ्या, डिकी बंद असते, बाहेरून काही दिसत नाही. माणूस असलेल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा, काम झालं.

खाडीकाठ
चाकोरीबाहेर, सेडानबद्दल अर्धं पटलं. बहुतेक सेडानच्या मागच्या सीटची पाठ पडतेच. ती सोडायची कळ सीटच्या खांद्यावर आहे की डिकीच्या आत, यावर सगळं अवलंबून. खांद्यावर असेल तर काच फोडणाऱ्याला ती आयतीच सापडते. डिकीच्या आत असेल तर थोडं बरं. काही गाड्यांत ही कळ किल्लीने बंद करता येते. गाडी ताब्यात घेताना मागच्या सीटवर बसून हे दोन मिनिटांत तपासता येतं. शिवाय पाच माणसांच्या सेडानच्या डिकीत चार मोठ्या बॅगा मावतच नाहीत, चौथी सीटवर येते आणि मग सगळंच मुसळ केरात.

पार्किंगमधला माणूस वरच्या मजल्यावर येत नाही, तो फाटकाशी बसतो. लावायचीच झाली तर त्याच्या नजरेतल्या मजल्यावर लावा.

गाडी ठेवणं भागच असेल तर एक नियम पाळा : डिकी प्रेक्षणीय ठिकाणी उघडायची नाही. पार्किंगमध्ये कोण काय डिकीत ठेवतंय हे बघत बसलेले लोक असतात. स्वेटर, छत्री, पाण्याच्या बाटल्या काय हवं ते दहा-पंधरा मिनिटं अलीकडे पेट्रोल पंपावर काढून घ्या. चार्जरची वायर, फोनचा स्टँड, एवढंच काय सुटी नाणीसुद्धा दिसू देऊ नका. खाडीपलीकडच्या ओकलंडहून विमान असणाऱ्यांनी परतीचं पेट्रोल विमानतळाजवळच्या हेगनबर्गर रोडवर भरताना गाडी सोडून जाऊ नये. गाड्या फोडणं आणि लुटालूट यांमुळे इन-एन-आउट या बर्गरच्या साखळीने तिथलं आपलं रेस्टॉरंट २०२४ मध्ये बंद केलं, यावरून कल्पना करा.

कलम_क्रमांक
विम्याचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. गाडीच्या काउंटरवर जे सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू (गाडीच्या नुकसानीची जबाबदारी माफ करणारं संरक्षण) विकतात ते गाडीपुरतं. काच त्यात येते, तुमची बॅग येत नाही. सामानासाठी 'पर्सनल इफेक्ट्स' असं वेगळं कलम असतं आणि त्यालाही माणशी कमाल रक्कम ठरलेली असते. भारतातून घेतलेल्या प्रवासविम्यातलं 'चेक्ड-इन बॅगेज' हे विमानकंपनीच्या ताब्यातल्या सामानाबद्दल आहे. गाडीत कोणी नसताना गेलेलं सामान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं, तेव्हा 'अनअटेंडेड' हा शब्द शोधून ते वाक्य वाचाच. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांची गोष्ट निराळी, त्यांच्या घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात घराबाहेरची चोरी बहुधा येते, वजावट (आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम) सोसून.

पासपोर्ट अंगावर, कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये. आईबाबांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पुस्तकं एकत्र ठेवा. पासपोर्ट गेलाच तर पोलिस रिपोर्ट घेऊन शहरातल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जायचं. तिथे पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परत येता येतं. चोरीला गेलेला अमेरिकन व्हिसा अमेरिकेत पुन्हा मिळत नाही, मात्र देश सोडायला तो लागतही नाही. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. आईबाबांची औषधं आणि प्रिस्क्रिप्शनही पाठीवरच्या पिशवीत हवीत.

काच फुटली तर कशाला हात लावायच्या आधी फोटो काढा. चोर तिथेच असेल तर ९११ (आणीबाणीचा नंबर), निघून गेला असेल तर शहर पोलिसांकडे तक्रार ऑनलाइन करता येते. पण हद्द बघा. लँड्स एंड, बेकर बीच आणि गोल्डन गेट पुलापलीकडची बॅटरी स्पेन्सर या केंद्र सरकारच्या जागा, तिथे यूएस पार्क पोलिस. चुकीच्या ठिकाणी तक्रार केली तर विम्याला लागणारा रिपोर्ट नंबर मिळेपर्यंत विमान सुटायची वेळ होते. गाडीच्या कंपनीलाही लगेच फोन करा, तीही हाच नंबर मागते.

सह्यवारा
आभारी आहे सगळ्यांचा. आधी विमानतळ, मग बार्ट, हे ठरलं. योसेमिटीत मात्र सामान गाडीत ठेवायला हरकत नसावी ना? तिथे एक रात्र आहे.

खाडीकाठ
कपड्यांच्या बॅगांना हरकत नाही. खाण्याला आहे, आणि तिथला चोर अस्वल आहे. रात्री गाडीत खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे. खोली असेल तर सगळं खोलीत, कॅम्पमध्ये असाल तर लोखंडी पेटीत. बहुतेक कॅम्पग्राउंडमधली पेटी ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद, १८ इंच उंच असते, त्या मापाने सामान न्या. दिवसा चालतं, पण काचा पूर्ण बंद आणि खाणं नजरेआड हवं. नियमात वास येणारं सगळंच धरतात : टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, रिकामे डबेसुद्धा. चिवडा, लाडू, लोणच्याची बरणी यांना तर सूटच नाही. अस्वल काच फोडतं, नाहीतर दाराची चौकट वाकवून आत शिरतं.