आरोप म्हणजे अपात्रता नव्हे

गुन्हा दाखल असला की राष्ट्रपतिपदाचा अर्ज आपोआप बाद होतो, हे विधान बरोबर नाही. राज्यघटनेच्या कलम ५८ मध्ये अटी मोजक्याच आहेत: भारतीय नागरिकत्व, वयाची ३५ वर्षं पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता आणि लाभाचं पद (सरकारी पगाराचं किंवा फायद्याचं पद) नसणं. आरोपाचा उल्लेखच नाही. लोकसभेसाठीही अपात्रता लागते ती दोष सिद्ध झाल्यावर. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, तर शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची सहा वर्षं. एफआयआर, अटक, आरोपपत्र यांनी काही होत नाही. खरी चाळणी ५० सूचक आणि ५० अनुमोदकांची आहे, आणि ते सगळे खासदार-आमदारच लागतात.

पण यात राज्यघटनेचं कलम ३६१ही येतं, आणि मला तेच सगळ्यात गंभीर वाटतं. राष्ट्रपती पदावर असेपर्यंत त्यांच्यावर नवा फौजदारी खटला सुरू करता येत नाही आणि आधीचा पुढे चालवताही येत नाही. म्हणजे आरोपी निवडून आला तर खटला पाच वर्षं जागच्या जागी थांबतो. महाभियोगही (राष्ट्रपतींना पदावरून हटवण्याची संसदेतली प्रक्रिया) फक्त घटनाभंगासाठी, जुन्या गुन्ह्यासाठी नाही. निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात, तेही उमेदवारानं किंवा किमान २० खासदार-आमदारांनी मिळून. पुण्याच्या कोथरूड-कसब्यातल्या साध्या मतदाराला ती याचिका करताच येत नाही. त्यानं आपल्या आमदाराला आधीच विचारायला हवं की तुम्ही कुणाच्या अर्जावर सही करताय.