शिकागोत जुन्या घरात राहायला जातोय, सर्व्हिस लाईन शिशाची आहे - बाळासाठी पाण्याचं काय करावं?

लेककाठ:
नमस्कार मंडळी, आम्ही शिकागोत १९२०च्या दशकातलं टू-फ्लॅट (दोन मजली, दोन बिऱ्हाडांचं घर) घेतलंय, पुढच्या महिन्यात शिफ्ट होतोय. सिटीच्या साईटवर पत्ता टाकून बघितला तर रस्त्याखालच्या मुख्य पाईपापासून (मेन) घरात येणारी सर्व्हिस लाईन शिशाची दाखवतंय. मला सातवा महिना चालू आहे, त्यामुळे डोक्यात दुसरं काही येतच नाहीये. बाळाला फॉर्म्युला द्यावा लागला तर तो याच पाण्यात कालवायचा. सासूबाई म्हणतात पाणी वीस मिनिटं उकळून गाळून घे, आपण वर्षानुवर्षं तेच करत आलो. नवऱ्याच्या मित्राने टीडीएस मीटर आणून दिलाय, त्यावर आकडा छान कमी येतो म्हणून तो निवांत आहे. लाईन बदलायचा खर्च आत्ता लगेच झेपणारा नाही. कुठला फिल्टर घ्यावा? जग चालेल का सिंकखालचा आरओच हवा? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुनीवस्ती:
आधी अभिनंदन! आम्ही बरीच वर्षं शिकागोतच आहोत, अशाच घरात. एकट्या या शहरात अशा साधारण ४ लाख लाईनी आहेत, अमेरिकेत सगळ्यात जास्त, कारण १९८६ला देशभर बंदी येईपर्यंत इथल्या नियमातच शिशाची लाईन टाका असं होतं. लेक मिशिगनचं पाणी प्लांटमधून निघतं तेव्हा चांगलंच असतं, शिसं मिसळतं ते शेवटच्या टप्प्यात, तुमच्या घराच्या पाईपात आणि नळात.

आता उकळण्याचं. सासूबाईंना समजावून सांगा की उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाण्याची वाफ होते आणि शिसं तेवढंच राहतं म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. टीडीएस मीटरही यासाठी बाजूला ठेवा. तो मोजतो पीपीएममध्ये (दहा लाखात एक भाग) आणि शिशाची गोष्ट चालते पीपीबीत (अब्जात एक भाग). १५ पीपीबी म्हणजे ०.०१५ पीपीएम, मीटरवर १५० च्या जागी १५०च दिसणार. चव नाही वास नाही रंग नाही. कोकणात विहिरीच्या पाण्यात लोह असलं की बादली लाल होते, कपडे पिवळे पडतात, लगेच कळतं, इथे तसं काहीच दिसत नाही.

तर पहिलं काम, सिटीच्या मदतीच्या नंबरला, ३११ ला, फोन करून सिटीचं टेस्ट किट मागवा, फुकट आहे. पाणी रात्रभर पाईपात थांबलेलं असताना सकाळी सगळ्यात आधी भरायचं, किटवर लिहिलंय तसंच, आधी टॉयलेट फ्लश सुद्धा करायचा नाही. बेसमेंटमध्ये मीटरपाशी पाईप आत येतो तिथे स्वतःही बघा, किल्लीने हलकं खरवडलं तर शिसं मऊ लागतं आणि आत चकचकीत चंदेरी दिसतं, लोहचुंबक चिकटत नाही. तांबं असेल तर तांबूस दिसेल.

फिल्टर घेताना डब्यावर "एनएसएफ ५३" (फिल्टर तपासायचं एक मानक) आणि त्याखाली शिसं कमी करतो असं स्पष्ट लिहिलंय का ते बघाच. नुसतं ४२ असेल तर ते क्लोरीन आणि चवीसाठी. दुकानातले पुष्कळसे स्वस्त जग ४२ वालेच असतात, लोक घेऊन जातात आणि निश्चिंत होतात, याचा मला मनापासून त्रास होतो. ५३ वाला जग किंवा नळाला लावायचा फिल्टर तुम्हाला पुरेल, आरओ पाहिजेच असं नाही. फक्त फिल्टरचं काडतूस (कार्ट्रिज) वेळेवर बदला आणि नळाच्या फिल्टरमधून गरम पाणी सोडू नका.

बाळदवाखाना:
मी मुलांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे. फॉर्म्युलाचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) अंदाजाने फॉर्म्युलावरच्या बाळांच्या शरीरात जाणाऱ्या शिशापैकी ४० ते ६० टक्के पाण्यातून येऊ शकतं, कारण त्यांचं सगळं खाणंच पाणी असतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून घेतं, ते हाडात जाऊन बसतं, आणि मेंदू घडत असतानाच त्यात अडथळा आणतं. बुद्ध्यांक, एकाग्रता, ऐकणं, रक्त कमी होणं, या सगळ्यावर परिणाम होतो आणि बाहेरून मूल अगदी हसतंखेळतं दिसतं. मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी सापडलेलीच नाही. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२१मध्ये रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमची रेषा ठरवली ती "यावर लक्ष घाला" म्हणून, त्याखाली सगळं ठीक असा अर्थ काढू नका.

तुमच्यासाठी पण सांगते, गरोदरपणात हाडातलं जुनं शिसं रक्तात उतरतं, म्हणून आत्तापासूनच फिल्टरचं पाणी प्या, दूध-दही-नाचणी सोडू नका, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. पोटात कॅल्शियम आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. तुमची स्वतःची रक्ततपासणी करायची का ते डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटला विचारा. बाळाची एक आणि दोन वर्षांना करतातच, आणि बोट टोचून आकडा जास्त आला तर घाबरून जाऊ नका, त्वचेवरच्या धुळीने पण तसं होतं, शिरेतून रक्त घेऊन पक्कं करतात.

जर्सीविहीर:
थोडं विषयाबाहेरचं, पण न्यू जर्सीत गावाकडे घर घेणारे आपले बरेच लोक हा धागा वाचतील म्हणून लिहितोय. इथे ज्यांची स्वतःची विहीर आहे त्यांनी शिशाबरोबर आर्सेनिक बघा. खडकातूनच येतं, कारखान्याची गरज नाही. देशाची मर्यादा १० पीपीबी, न्यू जर्सीने २००६पासून ५ ठेवलीय. घर विकताना विहिरीचं पाणी तपासणं इथे कायद्याने लागतं, तो रिपोर्ट मागून घ्या, नुसता पास-नापास नको, आकडा बघा. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर तळहातावर जाड खडबडीत ठिपके, कातडीचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर. भात शिजवताना पण तेच पाणी आत मुरतं, हे कोणी लक्षात घेत नाही. आणि फिल्टरचं लक्षात ठेवा की आर्सेनिकचे दोन प्रकार असतात, बहुतेक फिल्टर आणि आरओचं सर्टिफिकेट एकाच प्रकारासाठी असतं, क्लोरीनने दुसरा प्रकार त्या प्रकारात बदलतो, पण विहिरीत क्लोरीन नसतं त्यामुळे तो तसाच निसटू शकतो. लॅबकडून कुठला आहे ते काढून मगच सिस्टिम ठरवा.

लेककाठ:
खूप खूप आभार सगळ्यांचे. किट मागवलं. दोन शंका राहिल्या, बाळाची आंघोळ याच पाण्याने चालेल का, आणि रस्त्यावर मेनचं काम चालू आहे त्याने काही फरक पडतो का? अजून एक, आईने पितळेचं पातेलं कल्हई करून पाठवलंय, त्यात पाणी उकळून ठेवावं म्हणत होती.

जुनीवस्ती:
आंघोळ बिनधास्त, शिसं कातडीतून आत जात नाही, फक्त पाणी गिळू देऊ नका. रस्त्याचं काम मात्र महत्त्वाचं. सिटी पाण्यात फॉस्फेट घालते त्याने पाईपाच्या आत एक थर बसतो, खोदकामाच्या हादऱ्याने तो सुटतो आणि कण येतात. तेवढे महिने पिण्याला आणि स्वयंपाकाला एक थेंबही फिल्टरशिवाय नको, नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, सकाळी गार पाणी पाच मिनिटं सोडा. गरम नळाचं पाणी चहालाही घेऊ नका. आणि अर्धीच लाईन बदलून देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, अर्ध्या कामाने काही काळ शिसं वाढतं. स्वयंपाकघरातला नळ २०१४च्या आधीचा असेल तर तो बदला, तेव्हाच्या पितळी नळात ८ टक्क्यांपर्यंत शिसं चालायचं.

बाळदवाखाना:
पातेलं शोभेला ठेवा. कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असू शकते आणि ते आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. फॉर्म्युलाचं पाणी आधी फिल्टर करा, मग स्टीलमध्ये उकळा. आणि बारशाला कोणी घरगुती काजळ, सुरमा घेऊन आलं तर बाळाच्या डोळ्यात घालू नका, सुरम्यात खूपदा शिसंच असतं, मग पाण्याची एवढी काळजी घेऊन उपयोग नाही. टेस्टचा आकडा आला की इथे टाका, काडतूस किती गॅलनचं घ्यायचं ते बघून सांगते.