झिरो-ट्वेंटीएट कोणाकोणाला आठवतंय? मेलबर्नच्या जुन्या टीव्हीबद्दल

मीनल_वेव्हर्ली

नमस्कार मंडळी. लग्न होऊन १९८१ साली मेलबर्नला आले ती इथलीच झाले. सध्या कपाटातल्या जुन्या व्हीएचएस टेपा काढल्यात आणि नातवंडांसाठी त्या काळच्या टीव्हीबद्दल थोडं लिहून ठेवतेय. माझा प्रश्न असा: एसबीएस या इथल्या बहुभाषिक सरकारी चॅनेलचं नाव चॅनेल ०/२८ होतं, ते दिवस कोणाला आठवतात? तुमच्या भागात ते दिसायचं का? आणि घरातली मोठी माणसं तेव्हा काय बघायची?

आमच्याकडचं सांगते. सात, नऊ आणि दहा या व्यापारी चॅनेलांवर सगळे एकाच वळणाचे चेहरे. ०/२८ लावलं की मात्र इटालियन, ग्रीक, अरबी, काय वाट्टेल ते ऐकू यायचं, खाली पिवळ्या अक्षरांत इंग्रजी. शेजारच्या ग्रीक आजी त्यांच्या भाषेतला सिनेमा असला की आमच्याकडे येऊन बसायच्या. त्या ऐकायच्या, मी वाचायची. माझं इंग्रजी वाचन त्या पट्ट्यांनी झरझर केलं, हे मी आजही सांगते. घरात एक भाषा आणि दारात दुसरी, असं जगणारे आपण एकटे नाही, हे मला त्या चॅनेलने दाखवलं. जानेवारी १९८६मध्ये शून्य नंबर बंद झाला आणि फक्त यूएचएफ या जास्त कंपनसंख्येच्या लहरींवरचं २८ उरलं, तेव्हा ह्यांनी छपरावर चढून वेगळा अँटेना बसवला. चित्र आलं का, हे मी खालून ओरडून सांगत होते.

सासूबाई १९८४ साली आल्या होत्या. इंग्रजीचा गंध नाही, दुपार जाता जायची नाही. त्यांना एबीसी या सरकारी चॅनेलवरचा मिस्टर स्क्विगल सापडला. चंद्रावरून येणारी कळसूत्री बाहुली, नाकाच्या जागी लांब पेन्सिल. मुलांनी पोस्टाने पाठवलेल्या नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या फळ्यावर लावायच्या आणि हा नाकाने त्यात भर घालत जायचा. काय काढतोय ते शेवटपर्यंत कळायचं नाही, मग कार्यक्रमातली निवेदिका मिस जेन कागद उलटा करायची की झालं चित्र तयार! तो फळासुद्धा बोलका, लवकर आटप म्हणून सारखा करवादायचा. सासूबाई पदर खोचून पुढे सरकून बसायच्या, "हा गणपती होणार बघ, सोंड आलीच." कधी बोट निघायची, कधी कोंबडी. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन दोघी पैजा लावायच्या.

बॅलरॅटकर

मीनलताई, मस्त विषय काढलात. आम्ही १९८३पासून बॅलरॅटला. तुमच्यासारखी चंगळ नव्हती हो आमची! एबीसी आणि आमचं स्थानिक बीटीव्ही-६, संपलं. पण त्या एका व्यापारी चॅनेलवर तिन्ही नेटवर्कांतलं निवडून दाखवायचे, त्यामुळे सगळं गाव काल रात्री एकच कार्यक्रम बघून आलेलं असायचं. दवाखान्यात पेशंटशी बोलायला विषय तयार. मला नवख्या डॉक्टरला त्याचा फार आधार झाला. १ जानेवारी १९९२पासून आमच्या व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागात तीन व्यापारी चॅनेल एकदम आली. निवड वाढली, पण स्थानिकपणा गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

नातवंडांसाठी एक गंमत लिहा. चॅनेलांच्या नावांतलं शेवटचं अक्षर राज्याचं असायचं. एचएसव्ही-७, जीटीव्ही-९, एटीव्ही-१० यांतला व्ही व्हिक्टोरियाचा. सिडनीच्या टीसीएन-९ मधला एन न्यू साउथ वेल्सचा. तुमचं ०/२८ मेलबर्नमध्ये ज्या शून्य नंबरावर आलं, तो आधी एटीव्हीचाच. ते १९८०च्या जानेवारीत दहावर गेले, म्हणून जागा रिकामी झाली.

सिडनीचा_संदीप

काका, टीसीएन-९ निघालंच आहे तर ब्रूस गिंजेल यांचं नाव हवंच. १६ सप्टेंबर १९५६ला सिडनीत "गुड इव्हनिंग, अँड वेलकम टू टेलिव्हिजन" म्हणणारे तेच. आपण बघतो ती फीत मात्र त्या रात्रीची नाही, नंतर पुन्हा उभं करून चित्रित केलेली आहे. आणि मीनलताई, २४ ऑक्टोबर १९८०ला, संयुक्त राष्ट्र दिनी, तुमचं ०/२८ सुरू झालं तेव्हा प्रेक्षकांचं स्वागतही गिंजेल यांनीच केलं.

मिस्टर स्क्विगलचे कर्ते नॉर्मन हेदरिंग्टन. स्वतः व्यंगचित्रकार. ते वर उभे राहून दोऱ्या हलवायचे, म्हणजे त्यांना फळा वरून उलटा दिसायचा! चित्रं बरेचदा उलटी काढली जायची ती त्यामुळेच. हा माणूस १९५९ ते १९९९ तेच करत राहिला. मला त्यांच्याइतका आदर फार थोड्या कलाकारांबद्दल वाटतो.

पर्वतीवरून

मी ऑस्ट्रेलियात कधी आलो नाही, पण चॅनेल नाइन आमच्याही घरचं आहे. १९८५ची क्रिकेटची वर्ल्ड चॅम्पियनशिप दूरदर्शनवर पाहिली. तोवर इथे कॅमेरा एकाच टोकाला असायचा, एका ओव्हरला बॅट्समनचा चेहरा आणि पुढच्याला पाठ. नाइनचे कॅमेरे दोन्ही टोकांना. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, शून्यावर आउट झालेल्याबरोबर रडत चालणारं ते बदक! वाड्यातली पोरं पुढचा महिनाभर आउट झालं की तसंच चालायची. १० मार्चला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर फायनल, गावसकर कॅप्टन, पाकिस्तान ९ बाद १७६, श्रीकांत ६७ आणि आपला रवी शास्त्री नाबाद ६३. मग शास्त्रीला बक्षीस मिळालेली ती ऑडी आणि तिच्यावर लटकलेली अख्खी टीम. नाइनचे समालोचक रिची बेनॉ यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो, चित्र दिसत असताना गप्प राहायचं.

मीनल_वेव्हर्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीकर दादा, एमसीजीवर नवे दिवे त्याच स्पर्धेत पहिल्यांदा लागले. आम्हाला मेलबर्नकरांना तो फार मोठा सोहळा वाटला होता.

संदीप, फळा उलटा दिसायचा हे वाचून मी लगेच मुलीला फोन केला. सासूबाई असत्या तर त्यांनाही सांगितलं असतं, त्यांना प्रश्न पडायचाच की याला उलटं कसं जमतं.

एका टेपेवर ब्रायन नेलर यांच्या नाइनच्या बातम्यांचा शेवट सापडलाय. तुमच्या वाट्याला चांगल्याच बातम्या येवोत, अशा अर्थाचं ते रोज म्हणायचे आणि मग गुडनाइट. २००९च्या फेब्रुवारीत ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यात ते आणि त्यांच्या पत्नी किंगलेक वेस्टला गेले. ते वाक्य आम्ही इतकी वर्षं ऐकलं होतं की घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. तेवढा भाग मी जपून वेगळा काढतेय.

बॅलरॅटकर, बीटीव्ही-६च्या बातम्यांचं काही रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर फेकू नका. कॅनबेराला नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्ह आहे, त्यांना आधी विचारा. टेपा उभ्या आणि कोरड्या जागी ठेवा, बुरशी दिसली तर मशीनमध्ये अजिबात घालू नका.