अंबाडी एवढी आंबट का झाली?

कपिलतीर्थ मंडईतनं काल अंबाडीची जुडी आणली. मेथीसारखी नुसती परतली. पहिल्याच घासाला दात आंबले. सासऱ्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सरकवली. काय चुकलं?

— ताई, पानं आधी उकडायची, गार झाली की पाणी पिळून टाकायचं. मग शिजलेली तूरडाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या, गुळाचा खडा घालून घोटा. वरनं लसणाची फोडणी, लसूण पार लाल होईपर्यंत. तेलाला हात आखडू नका.

— कण्या नसतील तर तांदळाची चुरी चालते. आमच्यात कांदा-लसूण चटणी पण घालतात. मला नाही पटत, अंबाडीची चवच मरते की!

— केली आज. गूळ जरा जास्त पडला, पण सासऱ्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.