मदत हवी आहे: घरातल्या तुळस-पुदिन्यासाठी ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा)

नमस्कार मंडळी. कोथरूडला पहिल्या मजल्यावर राहतो, समोरच उंच इमारत. हॉलमध्ये ऊन असं येतच नाही. मनी प्लांट, स्नेक प्लांट तग धरून आहेत, पण तुळस आणि पुदिना पार लांबुडके झालेत. दोन पानांमध्ये बोटभर अंतर, देठ खिडकीकडे वाकलेले. बघून जीव तुटतो.

६५०० केल्विनची (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) साधी एलईडी ट्यूब चालेल, की जांभळा ग्रो लाइटच हवा? तिथेच बसणं-उठणं असल्याने मला पांढराच बरा वाटतो. कुंड्यांच्या फूटभर वर लावून टायमरवर १२-१४ तास ठेवीन म्हणतो. रात्री झाडांनाही अंधार हवाच. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) कुणी असा दिवा घेतलाय का? तीन-चार कुंड्यांना किती वॅट पुरले, तेवढं नक्की सांगा.