इच्छाशक्तीने हाडं जुळत नाहीत

तिरकस_टाका

काल इथे एका सदस्याची लांबलचक पोस्ट आली. सार असं: अपघातातून किंवा मोठ्या ऑपरेशनमधून कोण उठतो आणि कोण अंथरुणाला खिळतो हे पेशंटच्या मनावर ठरतं, डॉक्टर निमित्तमात्र, ‘ज्याने मनातून हार मानली तो संपला’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या भावाच्या बरगड्या मोडल्या. बरगडीला प्लास्टर नसतं, ती आपली आपण जुळते. हा गडी मनाने इतका खंबीर की सिस्टरने ‘दुखतंय का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘चालतंय’. पेनकिलर नको म्हणायचा. येणारा-जाणारा कौतुक करायचा. आणि दुखतं म्हणून तो ना खोल श्वास घेत होता, ना नीट खोकत होता. कफ साचत गेला, न्यूमोनिया झाला. बरगड्यांचा पेशंट दगावतो तो असा. पासष्टीपुढच्या पेशंटांत प्रत्येक जास्तीच्या मोडक्या बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी वाढतो, असं २०००मधल्या एका अमेरिकन अभ्यासात निघालं होतं. भावाचं वय तेवढं नव्हतं, तरी ही गत. शेवटी भूलतज्ज्ञांनी पाठीत बारीक नळी घालून बधिर करणारं औषध सुरू केलं, तेव्हा कुठे स्वारी पोटातून खोकली. इच्छाशक्ती आदल्या दिवशीही तेवढीच होती.

दुसरं उदाहरण. नडगी मोडली की कधी कधी पोटरीच्या स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढत जातो. पहिली खूण कोणती? दुखापतीच्या मानाने नको इतकं दुखणं, आणि पायाची बोटं ताणली की जीवघेणी कळ. काही तासांत आवरण चिरून दाब मोकळा केला नाही तर स्नायू मरतो. इथे दातओठ खाऊन गप्प पडणारा ‘लढवय्या’ पाय घालवून बसतो आणि बोंबाबोंब करणारा ‘रडका’ आपल्या पायांनी घरी जातो.

वॉर्डात आपण जिला इच्छाशक्ती म्हणतो ती निम्म्या वेळा नुसती तक्रार न करण्याची सवय असते. बरा झाला तर त्याची जिद्द, नाही झाला तर त्याचंच खापर त्याच्या डोक्यावर. बाकी सगळे नामानिराळे.

सरळसोट

ताई, भावाचं वाईट वाटलं, पण चार बरगड्यांवरून तुम्ही अख्खं मन मोडीत काढलंत. माझा गुडघा बदलला. त्याच खोलीत, त्याच सर्जनकडून, त्याच दिवशी गुडघा बदललेले दुसरे एक गृहस्थ होते, वयाने माझ्याहून लहान. फिजिओ आली की ते डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. मी ओरडत का होईना, गुडघा वाकवायचो. आज मी जिने चढतो, त्यांचा पाय काटकोनातही येत नाही. सांधा तोच, औषधं तीच. मग फरक कशाचा?

आणि पुरावाच हवा असेल तर घ्या. १९९५मध्ये कीकोल्ट-ग्लेझर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मनाचं ओझं थेट कातडीपर्यंत पोचतं. आता बोला.

तिरकस_टाका

बोलते की. तेरा बायका विरुद्ध तेरा बायका एवढाच तो अभ्यास. पण सोडा, निष्कर्ष मला मान्य आहे. ताणात जखम उशिरा भरते, तर मग ताण कमी करा! पेशंटला झोपू द्या, दुखणं आटोक्यात ठेवा, घरची काळजी कुणीतरी अंगावर घ्या. ‘मन खंबीर कर’ म्हणून उशाशी बसणं हा वर आणखी एक ताण.

तुमच्या शेजाऱ्यांबद्दल एकच विचारते. त्यांची पेनकिलर फिजिओच्या आधी यायची की नंतर? अर्धा-पाऊण तास आधी गोळी मिळालेला माणूस आणि व्यायाम झाल्यावर गोळी मिळालेला माणूस यांची जिद्द तुम्ही एकाच फुटपट्टीने मोजताय.

सरळसोट

गोळीचा हिशोब मी ठेवत नव्हतो. सोंग मात्र डोळ्यांनी पाहिलंय.

भूलथाप

मी भूलतज्ज्ञ, आयडीवर जाऊ नका. एक भाबडा प्रश्न: टेबलावर माझ्या हवाली असलेल्या माणसाची इच्छाशक्ती त्या वेळात नेमकी कुठे असते? कारण बऱ्याच गोष्टी तेव्हाच ठरून जातात. १९९६मध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांवर प्रयोग झाला. ज्यांची ऊब टिकवली त्यांच्यात ६ टक्के जखमा चिघळल्या, ज्यांना नेहमीसारखं थंड पडू दिलं त्यांच्यात १९ टक्के. दोन गटांच्या तापमानात फरक फक्त दोनेक अंशांचा. अपघातात तर अंग गार पडणं, रक्तातलं आम्ल वाढणं आणि रक्त न गोठणं ही तिन्ही एकमेकांना वाढवत नेतात.

रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड घ्या. २०१०च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांवर जखमी होते. पहिल्या तीन तासांत इंजेक्शन मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, तीन तासांनंतर दिलं तर उलट वाढलेले दिसले. त्या तीन तासांत पेशंटच्या मनाचं काही चालत नाही, अँब्युलन्सचं चालतं.

फुकटचा_धूर

एवढं सगळं झालं पण सिगारेटवर कुणी घसरलं नाही. बरं वाटलं.

भूलथाप

आठवण केल्याबद्दल आभार. डेन्मार्क, २००२. खुबा किंवा गुडघा बदलायच्या सहा ते आठ आठवडे आधी एका गटाला सिगारेट सोडायला मदत केली. त्यांच्यात गुंतागुंती १८ टक्के, दुसऱ्या गटात ५२.

सरळसोट

आणि सिगारेट सोडायला काय लागतं हो डॉक्टर? इच्छाशक्तीच ना!

भूलथाप

निकोटीनची औषधं आणि दर आठवड्याला भेटणारी नर्स. त्या प्रयोगात हेच दिलं होतं. नुसत्या इच्छाशक्तीचा गट म्हणजे तो ५२ टक्केवाला.

फुकटचा_धूर

मी जातो.

नाइट_ड्युटी

अर्धं आयुष्य सर्जिकल वॉर्डात काढलं, आता निवृत्त. मनावर वाद घालताय, सर्जनवर घालताय, मशिनांवर घालताय. रात्री तीन वाजता पेशंटला कुशीवर वळवतं कोण? लघवीची नळी आज काढायची की उद्या, हे राउंडवर आठवण करून देतं कोण? नळी जितकी जास्त राहते तितका संसर्ग वाढतो. २०१४मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर महिन्याभरात मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक पेशंट! आमच्याकडे रात्री किती असायचे ते लिहीत नाही, उगाच बीपी वाढेल.

आणि दुसरं, जे कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते. भेटायला येणारी मंडळी. पलंगावर बसणार, नुकताच डोळा लागलेल्याला हलवून ‘ओळखलंत का?’ विचारणार, ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलायला लावणार. एक बाई माझ्यासमोर टाके घातलेल्या माणसाला सांगत होती, ‘आमच्या दिरांचंही अस्संच झालं होतं, मग गेलेच ते.’ भेटीच्या वेळा सक्त हव्यात. पेशंट लवकर बरा व्हायचा असेल तर निम्मे नातेवाईक दाराबाहेर ठेवा.

काचेपलीकडून

वाटच बघत होतो कोण हे लिहितंय त्याची. सिस्टर, मी त्या दाराबाहेर बसलेला नातेवाईक.

वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन. रात्री ते बरळायला लागले. नळ्या ओढतात म्हणून हात बांधले. मला काचेतून दिसत होतं, आत जायची परवानगी नव्हती. सकाळी पाच मिनिटं सोडलं, तर माणूस मला ‘साहेब’ म्हणतोय. माझा बाप, मला साहेब! मग लक्षात आलं की त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनच्या आधी पिशवीत घालून माझ्याच हातात दिलं होतं. पिशवी दाराबाहेर माझ्या मांडीवर आणि आत माणूस आंधळा-बहिरा. पाठीशी ना खिडकी, ना घड्याळ, चोवीस तास तोच दिवा. अशात तुम्ही-मीही बरळू. मशीन कानात घातलं, हाक मारली, तेव्हा वळून बघितलं त्यांनी. ही विद्या कुठल्या राउंडवर निघाली नव्हती, ती दाराबाहेरच्या नातेवाइकाकडे होती.

नाइट_ड्युटी

हात बांधतात ते हौसेने नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारा माणूस रात्री पलंगावरून उतरायला जातो आणि दुसरा खुबा मोडतो. मी पाहिलंय. तेव्हा हेच नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर काय झोपल्या होत्या का?’

काचेपलीकडून

मग मला बसवा ना शेजारी! तुमच्याकडे माणूस कमी, मी फुकटात हजर, आणि तुम्ही मला बाहेर ठेवून त्यांना दोरीने बांधता. यात कुणाचं डोकं चालतंय?

नाइट_ड्युटी

तुम्ही एकटे शहाणे असाल. तुमच्या मागे अकरा जण येतात, त्यांचं काय करू? आणि आवाज खाली.

काचेपलीकडून

लिहिताना आवाज कसला? हीच ती सवय. माणूस दिसला की गप्प करायचं.

आकडेमोड

दोघंही थांबा. हे मोजून झालंय. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत चाचणी झाली, २०१९मध्ये छापून आली. एकीकडे दिवसातले बारा तासांपर्यंत नातेवाइकाला आत बसू दिलं, दुसरीकडे जास्तीत जास्त साडेचार तास. आतला संसर्ग वाढला? नाही. सिस्टर, हे तुमच्यासाठी. बरळणं कमी झालं? तेही नाही, फरक नगण्य. काचेपलीकडून, हे तुमच्यासाठी. कमी झाली ती नातेवाइकांची स्वतःची घालमेल.

काचेपलीकडून

‘नातेवाइकांची घालमेल’ म्हणजे काही नाही का? पेशंट घरी आल्यावर सहा महिने त्याला उठवणार-बसवणार कोण, तुमची चाचणी?

नाइट_ड्युटी

संसर्ग वाढला नाही कारण तिथे आत सोडण्याआधी नातेवाइकांना शिकवत होते, हात कसे धुवायचे वगैरे. तेवढं तुम्ही गाळलंत, आकडेमोड.

आकडेमोड

शिकवत होते, मान्य. मग शिकवा.

नाइट_ड्युटी

कधी? वर लिहिलेला तो एक जास्तीचा पेशंट कोण बघणार तेव्हा?

सरळसोट

धागा इच्छाशक्तीवर होता, याची कुणाला आठवण?

रिकामं_पोट

नाही, आणि मलाही माझं गाऱ्हाणं आहे. सकाळचं ऑपरेशन म्हणून रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद. सकाळचं दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. ओठ फुटले, डोकं ठणकत होतं. टेबलावर गेलो तेव्हा निम्मा मेलेलोच होतो. यातही माझीच इच्छाशक्ती कमी पडली असणार!

भूलथाप

माझ्याच खात्यावरचं पाप, म्हणून उत्तर देतो. १९४६मध्ये मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या फुप्फुसात पोटातलं आम्ल गेल्याची प्रकरणं मांडली, आणि पुढे ‘बारानंतर काही नाही’ हा शिरस्ता रुजला. आजचे नियम साध्या पाण्याला दोन तास आधीपर्यंत परवानगी देतात, हलक्या आहाराला सहा. ज्यांचं जठर हळू रिकामं होतं, मधुमेहामुळे असो वा कशामुळे, त्यांचं वेगळं, आणि तातडीच्या अपघाताला हे लागू नाही कारण दुखापतीनंतर पोट लवकर रिकामं होत नाही. तरी पुष्कळ ठिकाणी बाराच वाजतात, कारण यादीत कुणाचा नंबर कधी लागेल हे कुणालाच सांगता येत नाही आणि सगळ्यांना उपाशी ठेवणं सोपं पडतं. डेन्मार्कच्याच केलेट या सर्जननी नव्वदच्या दशकात हेच मांडलं होतं: कमी उपास, दुखण्यावर एकाच नाही तर तीन-चार बाजूंनी उपाय, नळ्या लवकर बाहेर, पेशंट लवकर पायावर. सगळं एकदम केलं तरच फळ.

सरळसोट

‘पेशंट लवकर पायावर.’ बघा, आलं ना शेवटी माझ्याकडे! पायावर उभं कोण राहतं? पेशंट. कुठल्याही नळीने कुणाला चालवलेलं नाही.

तिरकस_टाका

बरं बाबा, घ्या तेवढं. घरी गेल्यावर रोज गुडघा वाकवायला जिद्द लागते, आणि ती तुमच्यात ओसंडून वाहतेय हे इथे सर्वांना कळलंय. माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी दुखणं थांबवा, झोपू द्या, पुरेसं प्रोटीन पोटात जाऊ द्या, धरायला माणूस द्या. एवढं देऊनही जो उठत नाही त्याच्या मनाबद्दल मग बोलू. तुम्ही पहिल्या दिवसापासून मनावर बोट ठेवता.

सरळसोट

आणि सगळं देऊनही उठत नाहीत असे शेकडो असतात, त्यांच्यावर तुमचा धागा गप्प.

तिरकस_टाका

त्यातल्या कितींना डिप्रेशन आहे हे कुणी विचारतं? अपघातानंतर रात्री तोच आवाज ऐकू येणं, गाडीत बसायला पाय न उचलणं, हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. जिद्दीचं लेबल लावलं की उपचाराची चिठ्ठी निघत नाही.

सरळसोट

यावर मी वेगळा धागा काढीन.

नाइट_ड्युटी

काढा. काचेपलीकडून, तुमच्यासाठी एक सांगून जाते, राग असला तरी वाचा. पुढच्या वेळी एक मोठा कागद घ्या. ‘मशीन डाव्या कानात. चष्म्याशिवाय दिसत नाही. नावाने नाही, अण्णा म्हटल्यावर वळतात.’ उशाच्या भिंतीवर चिकटवा. ड्युटी बदलली तरी कागद बदलत नाही.

काचेपलीकडून

चांगली सूचना आहे, सिस्टर. फक्त तो कागद भिंतीवर लावायला मला आत कोण सोडणार, तेवढंही सांगा.